भूगर्भातील वाहने आणि पायी चालणारा माणूस



सिल्वासाजवळच्या खडोलीच्या रस्त्यावरून कारखान्यांचा माल वाहणारे ट्रक जातात. आंधळे वळण आले की चालक हॉर्न वाजवतो. रात्र असेल तर दिव्यांची उघडझाप करतो. पलीकडून कोणी येत असेल तर तोही तसाच जबाब देतो, आणि दोघेही आपापली बाजू धरतात. एका वाहनाने दुसऱ्या वाहनाशी बोलण्याचा हा आपल्या परिचयाचा प्रकार आहे. त्याला तार लागत नाही, व्याकरण लागत नाही, आणि बहुतेक वेळा तो पुरतोही. आजच्या व्याख्यानाचा विषय, भूमिगत खाणींतील वाहनांचे परस्परांशी बिनतारी संभाषण, वरकरणी फार तांत्रिक वाटेल. परंतु त्याचा उगम या वळणावरच्या हॉर्नमध्ये आहे. खडोलीच्या परिसरात भूमिगत खाण नाही. म्हणून तेच वळण जमिनीखाली दोनशे-तीनशे फुटांवर नेले तर काय होईल, हे पाहण्यासाठी विदर्भाकडे वळावे लागते.

महाराष्ट्रातील भूमिगत खाणकाम मुख्यतः विदर्भात एकवटले आहे. नागपूरजवळ कामठी, सिलेवाडा, सावनेर आणि दक्षिणेकडे चंद्रपूर, बल्लारपूर, वणी हा कोळशाचा प्रदेश. राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स या कंपनीचे मुख्यालय नागपूरला आहे. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला ही नावे मँगनीजची. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील या खाणींमध्ये खनिजासाठी भूगर्भात उतरावे लागते. विदर्भातील कोळशाचे बहुतांश उत्पादन आता उघड्या खाणींतून होते, हे खरे. तरीही पहाटेच्या पाळीला डोक्याच्या टोपावर दिवा लावून खाली उतरणाऱ्या माणसांची रांग अजून संपलेली नाही.

कोळशाच्या खाणीची आतली रचना ध्यानी आल्याशिवाय पुढचे काही उमगणार नाही. बोर्ड आणि पिलर या पद्धतीत कोळशाच्या थरातून एकमेकींना छेदणाऱ्या वाटा खोदतात आणि मधले चौकोनी खांब छत तोलण्यासाठी तसेच ठेवतात. वरून नकाशा पाहिला तर एखाद्या आखीव पेठेतल्या गल्ल्या आणि चौक दिसावेत तसे ते दिसते. फरक एवढाच की इथल्या घरांना खिडक्या नाहीत आणि आकाशही नाही. प्रत्येक चौक आंधळा असतो. हॉर्न वाजवला तर त्याचा आवाज भिंतींवर आपटून चारही वाटांनी परत येतो; तो कोठून आला हे कानाला सांगता येत नाही. पंख्यांचा आणि यंत्रांचा घोष त्यात मिसळतो. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि वळणाला भिंतीवर विरतो. अनुभवी कामगार समोरच्या भिंतीवर पडलेल्या उजेडाच्या झाकेवरून पलीकडे काही येत आहे हे ओळखतो. पण कोळशाची भिंत काळी असते, तिच्यावर झाक पडून किती पडणार?

अशा ठिकाणी माणसांनी संदेशाची एक स्वतंत्र भाषा घडवली. ती घंटेच्या ठोक्यांची. माणसे आणि माल वर-खाली नेणारा पिंजरा ज्या विहिरीतून चालतो तिच्या तळाशी एक माणूस, मुखाशी दुसरा आणि इंजिनघरात तिसरा असतो. तिघांपैकी कोणालाही उरलेल्यांचे तोंड दिसत नाही. त्यांच्यातला सगळा व्यवहार ठोक्यांवर चालतो. यंत्र उभे असताना एक ठोका म्हणजे वर घ्या. यंत्र चालू असताना तोच एक ठोका म्हणजे थांबा. दोन ठोके म्हणजे खाली सोडा. तीन ठोके म्हणजे माणसे पिंजऱ्यात चढणार आहेत. या तिनाला उलट तीन ठोक्यांचे उत्तर मिळाल्याशिवाय पिंजऱ्यात पाऊल टाकायचे नाही.

या छोट्या कोशातील शहाणपण थक्क करणारे आहे. 'थांबा' हा शब्द सर्वात लहान ठेवला आहे, कारण घाबरलेल्या हाताला एकच ठोका देणे सर्वात सोपे. यंत्र चालू असताना अर्धवट ऐकू आलेला संदेशही थांबण्याकडे झुकतो. माणसांविषयीचा संदेश वेगळा काढला आहे, आणि तो पोहोचल्याची पोच घेतल्याशिवाय पुरा धरला जात नाही. आज बिनतारी यंत्रणा रचणारे अभियंते जाडजूड संहितांमध्ये जे नियम लिहितात, त्यांतले बरेचसे या ठोक्यांत आधीच आहे.

हीच घंटा उताराच्या वाटेवर, टबांच्या मार्गावर असते. पोलादी दोरीला जोडलेली टबांची माळ दूरवर बसवलेले यंत्र ओढते. यंत्र चालवणाऱ्याला टब दिसत नाहीत, आणि टबांपाशी असलेल्याला यंत्र दिसत नाही. मार्गाच्या कडेने गेलेल्या संकेताच्या तारेवरच सारा भरवसा. दोरी तुटली किंवा जोडणी निसटली तर भरलेले टब उतारावरून सुटतात, आणि त्यांना अडवण्यासाठी ठराविक जागी अडसर बसवलेले असतात. टबांची माळ आलीच तर माणसाला अंग चोरून उभे राहता यावे म्हणून भिंतीत कोनाडे कोरलेले असतात. खाणीत त्यांना मॅनहोल म्हणतात. टब चालू असताना त्या वाटेने कोणी पायी चालू नये, असा नियम आहे. नियम शहाणा आहे. पण पाळी संपलेली असते, पाय भरून आलेले असतात, माणसांची वाट लांबून फिरून जाते आणि टबांची वाट सरळ वर जाते. अपघातांच्या चौकशांत हा प्रसंग वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येतो. धनबाद येथील खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या नोंदींत भूमिगत कोळसाखाणींतील मृत्यूंचे ठळक कारण छत कोसळणे हे राहिले आहे, आणि वाहतुकीचे अपघात दीर्घकाळ दुसऱ्या ठळक कारणांत मोडत आले आहेत. छत कोसळणे निसर्गावर ढकलता येते. टबाखाली सापडलेल्या माणसाविषयी तसे म्हणण्याची सोय नाही.

टबांच्या जागी रुळांविना चालणारी वाहने आली तेव्हा प्रश्न पालटला. टब निदान रुळांवर बांधलेला असतो; तो कोठून येईल हे ठाऊक असते. लोड हॉल डंप, म्हणजे कोळसा किंवा खनिज बादलीत भरून, वाहून नेऊन, ओतणारे यंत्र, वाटेल त्या गल्लीतून येऊ शकते. त्याचा चालक आडवा बसतो, म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे मान वळवून पाहता यावे. परंतु यंत्राचा देह लांब व ठेंगणा, आणि पुढची बादली भरलेली. त्यामुळे एका अंगाचे जवळजवळ काहीच दिसत नाही. राजस्थानातील सिंदेसर खुर्दसारख्या जस्ताच्या खाणींत तर उतरत्या बोगद्यांतून ठेंगणे ट्रक खनिज घेऊन वर येतात, आणि रिकामे ट्रक त्याच वाटेने खाली जातात. मधूनमधून बगल देण्यापुरती जागा ठेवलेली असते. समोरासमोर गाठ पडली तर कोणी मागे सरायचे, हे आधी ठरलेले असावे लागते.

थोडा हिशेब करून पाहू. दोन वाहने ताशी १५ किलोमीटर वेगाने एका वळणाकडे समोरासमोर येत आहेत. हा वेग सायकलस्वाराचा; कोणालाही तो भरधाव वाटणार नाही. दोघांमधले अंतर मात्र सेकंदाला ८ मीटरांहून थोडे अधिक घटत असते. वळणावर १५ मीटरांपलीकडचे दिसत नसेल तर दोघे एकमेकांना दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत १.८ सेकंद मिळतात. दिसणे, उमगणे आणि पाय ब्रेकवर पडणे यांत सावध माणसाचाही दीड सेकंद जातो. तेवढ्यात साडेबारा मीटर संपलेले असतात. उरलेल्या अडीच मीटरांत काही टनांचे ओझे ओल्या उतारावर थांबवायचे असते. तेच इशारा ५० मीटर आधी मिळाला तर हातात ६ सेकंद येतात. बिनतारी संभाषणाकडून जी अपेक्षा आहे ती या ४.२ सेकंदांच्या फरकाची. त्याहून मोठे काही त्यात नाही, आणि त्याहून लहानही नाही.

जमिनीवरच्या रस्त्यांसाठी ही कल्पना बरीच पुढे गेली आहे. अमेरिकेत १९९९ साली वाहनांच्या अशा संभाषणासाठी ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवण्यात आला. २०१० साली त्यासाठीचे तांत्रिक मानक प्रसिद्ध झाले. प्रत्येक वाहनाने सेकंदाला साधारण दहा वेळा आपली जागा, वेग आणि दिशा जाहीर करायची, आणि आसपासच्या वाहनांनी ती ऐकून टकरीचा अंदाज बांधायचा. २०२० साली त्याच देशाने या पट्ट्याचा मोठा भाग इतर वापरासाठी मोकळा करण्याचे ठरवले, कारण वीस वर्षांत रस्त्यांवर ही यंत्रणा फारशी उतरली नव्हती. कल्पना उत्तम असून ती रुजत नाही, याचे उदाहरण म्हणून ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्रत्येक गाडीवर ती बसली तरच ती उपयोगी. निम्म्या गाड्या मुक्या राहिल्या तर बोलणाऱ्या गाडीलाही फारसा लाभ नाही. खाण याबाबत सुदैवी आहे. तिथली सारी वाहने एकाच मालकाच्या हुकमतीखाली असतात, आणि दाराशी मोजली जातात.

पण खाणीत उतरताच रस्त्यावरची दोन गृहीते कोसळतात. पहिले, उपग्रहाकडून जागा कळणे. उपग्रहाचा क्षीण संकेत काही मीटर खडकातही शिरत नाही. तेव्हा वाहनाने 'आपण अमुक जागी आहोत' असे सांगायचे तरी कसे? यासाठी छताला आणि भिंतींना ठरलेल्या जागी खुणेची छोटी बिनतारी उपकरणे बसवतात. वाहन त्यांच्या जवळून गेले की आपली जागा ओळखते, आणि दोन खुणांच्या मध्ये चाकांच्या फेऱ्यांवरून अंदाज करते. दुसरा मार्ग असा की जागेच्या फंदात न पडता दोन वाहनांनी संकेताच्या जाण्यायेण्याला लागणाऱ्या वेळावरून परस्परांतले अंतरच मोजावे. टक्कर टाळायला बहुधा तेवढे पुरते. मात्र दोन वाहने शेजारशेजारच्या समांतर गल्ल्यांत असतील आणि मध्ये कोळशाचा जाड खांब असेल, तर अंतर थोडे दिसूनही धोका काहीच नसतो. हे यंत्राला कळले नाही तर ते उगाच ओरडते. या उगाच ओरडण्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

दुसरे गृहीत खुद्द लहरींचे. बिनतारी लहर मोकळ्या हवेत चोहीकडे पसरते. बोगद्यात ती भिंतींनी घेरलेली असते. १० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३० मीटर. चार मीटर रुंद गल्लीत ती सामावतच नाही आणि थोड्याच अंतरात विझते. १००० मेगाहर्ट्झची लहर ३० सेंटीमीटरांची; ती सरळ बोगद्यातून नळातल्या पाण्यासारखी दूरवर वाहते. १९७५ साली अमेरिकेत एमस्ली, लॅगस आणि स्ट्राँग यांनी कोळशाच्या बोगद्यांतील या वहनाचे गणित मांडले. त्या विषयाचा अभ्यास अजूनही तिथूनच सुरू होतो. परंतु या लहरींचा स्वभाव ताठ. सरळ वाटेवर त्या जितक्या निष्ठेने चालतात तितक्याच वळणावर कोलमडतात, आणि कंप्रता जितकी वाढवावी तितका कोपरा त्यांना अधिक जड जातो. म्हणजे जिथे एकमेकांना पाहता येत नाही, नेमके तिथेच ऐकूही येत नाही. रस्त्यासाठी राखलेली ५ सेंटीमीटरांची लहर खाणीत तशीच आणून बसवली तर तिच्याकडून वळणावरच्या इशाऱ्याची आशा करणे भाबडेपणाचे ठरेल.

यावर तीन तोडगे आहेत आणि तिन्ही अपुरे आहेत. एक, मुद्दाम गळती ठेवलेली तार. दूरदर्शनच्या तारेसारख्या तारेच्या बाहेरच्या वेष्टनात फटी ठेवल्या की तिच्यातला संकेत सर्व लांबीभर थोडाथोडा बाहेर झिरपतो आणि बाहेरचा आतही शिरतो. अनेक भूमिगत रेल्वेमार्गांत आणि खाणींत ही पद्धत अनेक दशके चालत आली आहे. तिचा दोष असा की छत कोसळून तार तुटली तर तुटीपलीकडचा सारा भाग मुका होतो. संकट येते तेव्हाच ती निकामी होण्याचा संभव अधिक. दोन, अत्यंत कमी कंप्रतेच्या लहरी, सेकंदाला काही शे ते काही हजार कंपनांच्या. या खडकाच्या आरपार जातात, पण त्यांच्या पाठीवर फार थोडा मजकूर मावतो. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या अशा एका यंत्रणेने कामगाराच्या दिव्यालाच छोटा लेखी संदेश पोहोचवण्याची सोय केली, आणि १९९८ साली अमेरिकेतील विलो क्रीक खाणीला आग लागली तेव्हा तिच्या संदेशांमुळे माणसे वेळेवर बाहेर पडू शकली. पण सेकंदाला दहा वेळा बदलणारी वाहनांची वार्ता या वाटेने पाठवता येत नाही.

तिसरा तोडगा वळणावर निरोप्या बसवण्याचा. चौकातल्या छताला एक उपकरण, ते दोन्ही गल्ल्यांतून ऐकते आणि एकीकडचा निरोप दुसरीकडे सांगते. चौकात थांबलेले वाहनही हे काम करू शकते, आणि मधला एक दुवा तुटला तर निरोप दुसऱ्या वाटेने वळवता येतो. धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेत माणसे व वाहने यांचा माग ठेवण्यासाठी अशा लहान बिनतारी उपकरणांच्या जाळ्यांवर दीर्घकाळ काम झाले आहे. या संस्थेची एक शाखा नागपूरलाही आहे. सध्या तरी हाच मार्ग सर्वात आशेचा दिसतो.

निरोप्यावर विसंबताना मात्र २ जानेवारी २००६ची सकाळ आठवली पाहिजे. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील सॅगो खाणीत स्फोट होऊन १३ माणसे आत अडकली. त्यांनी पडदे लावून स्वतःला विषारी वायूपासून झाकून घेतले आणि ते वाट पाहत राहिले. ते कोठे आहेत हे वर कोणाला ठाऊक नव्हते, आणि ते सांगण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. एकेचाळीस तासांहून अधिक काळानंतर शोधपथक त्यांच्यापर्यंत पोहोचले तेव्हा एकच माणूस जिवंत होता. ही वार्ता श्वसनाचे मुखवटे घातलेल्या माणसांकडून, वाटेतल्या एकेका ठाण्यावरून पुढे सांगितली जात वर आली. वर पोहोचेपर्यंत तिचे 'बारा जण जिवंत' असे झाले. चर्चमध्ये जमलेल्या कुटुंबांनी घंटा वाजवल्या. सत्य त्यांच्यापर्यंत पोहोचायला सुमारे तीन तास लागले. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या कायद्याने अमेरिकेतील भूमिगत कोळसाखाणींना तीन वर्षांच्या आत बिनतारी संभाषणाची आणि माणसांचा माग ठेवण्याची सोय करणे बंधनकारक केले.

यंत्राचा निरोप्या शब्द चुकीचे ऐकत नाही. पण तो शिळे बोलू शकतो. तीन सेकंदांपूर्वीची जागा आताची म्हणून सांगितली, तर ताशी १५ किलोमीटर वेगाच्या वाहनाबाबत ती साडेबारा मीटर चुकीची असते; जिथे वाहन आहे तिथे ते नाही, आणि जिथे नाही तिथे आहे असे दिसते. म्हणून प्रत्येक निरोपावर त्याची वेळ कोरलेली असावी लागते, आणि ठराविक मर्यादेपेक्षा जुना निरोप निरोप्याने पुढे न देता टाकून द्यावा लागतो. मौन पाळणाऱ्या यंत्राचा अर्थही आधी ठरवून ठेवावा लागतो. पलीकडून काहीच ऐकू येत नाही, म्हणजे वाट मोकळी आहे की ऐकण्याची सोय बिघडली आहे? ठोक्यांच्या भाषेने याचे उत्तर फार पूर्वी दिले होते: पोच नाही तर पाऊल नाही. नव्या यंत्रणांपैकी ज्या हे उत्तर पाळत नाहीत त्यांच्याकडे संशयानेच पाहावे.

आणखी एक बंधन खाण घालते, ते ठिणगीचे. कोळशातून सुटणारा मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की एका ठिणगीने त्याचा स्फोट होतो. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने जाळीदार दिवा तयार केला तो याच भयापोटी. बिनतारी उपकरणाच्या बॅटरीने, बटणाने, तुटलेल्या तारेनेही ठिणगी पडता कामा नये. त्यासाठी त्याची शक्तीच मर्यादित ठेवावी लागते. शक्ती कमी म्हणजे पल्ला कमी, आणि पल्ला कमी म्हणजे निरोप्यांची संख्या अधिक. मँगनीजच्या खाणीत मिथेनची भीती नसते, पण तिथे सुरुंग असतात. विजेने पेटणाऱ्या डिटोनेटरच्या तारा बिनतारी लहरी टिपू शकतात, म्हणून सुरुंग भरण्याच्या जागेपासून प्रक्षेपक दूर ठेवावे लागतात. बाजारात मिळणारे उपकरण घेऊन उद्या खाणीत लावता येत नाही, ते यामुळे.

इथवर सारी चर्चा वाहनांची झाली. एका वाहनाने दुसऱ्याला टाळले, फार चांगले झाले; पण विदर्भातल्या भूमिगत खाणीत खरी गर्दी माणसांची असते. छताला टेकू लावणारे, सुरुंग भरणारे, पंप पाहणारे, तारा ओढणारे, मायनिंग सरदार, ओव्हरमन, सारे पायी असतात. दोन गाड्यांची टक्कर झाली तर पोलाद वाकते आणि चालकाभोवती निदान एक सांगाडा असतो. गाडी आणि माणूस यांच्यात तसे काही नसते. ज्या यंत्रणेत फक्त गाड्याच परस्परांशी बोलतात, तिच्या नकाशावर हा माणूस उमटतच नाही. उलट समोरून गाडी येत नाही याची यंत्राकडून खात्री मिळालेला चालक वळणावर पूर्वीपेक्षा अधिक निर्धास्तपणे येतो, आणि वळणापलीकडे कोणी तरी पायातला बूट झटकत उभा असतो.

अमेरिकेने हा धोका ओळखून २०१५ साली कोळसा कापणाऱ्या कंटिन्यूअस मायनर या यंत्राबाबत नियम केला. त्या यंत्राभोवती कमी कंप्रतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण केले जाते आणि कामगाराच्या अंगावर ते ओळखणारे छोटे उपकरण असते. चुंबकीय क्षेत्राला कोळशाचा किंवा माणसाच्या देहाचा अडसर होत नाही, म्हणून वळणाआडचा माणूसही त्याला कळतो. माणूस जवळ आला की इशारा होतो, आणखी जवळ आला की यंत्र आपोआप बंद पडते. दक्षिण आफ्रिकेने त्याच वर्षी रुळांविना चालणाऱ्या खाणवाहनांसाठी नियम केले; परंतु डिझेल वाहने आपोआप मंदावून थांबलीच पाहिजेत, ही त्यातील सर्वात कठोर अट लागू व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला. मधली सात वर्षे उगाच गेली असे म्हणता येणार नाही. उतारावर भरलेला ट्रक यंत्राने एकाएकी थांबवला तर मागचा ट्रक त्याच्यावर आदळू नये, याची व्यवस्था आधी लागते.

आणि आता ते उगाच ओरडणे. इशाऱ्याचा कर्कश आवाज पाळीत दोनशे वेळा झाला आणि त्यांतला एकदाच खरा असला, तर चालक त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. काही दिवसांनी कोणी तरी भोंग्यावर कापडाचा बोळा कोंबतो. त्याला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे; पण जे यंत्र खांबापलीकडच्या गाडीला आणि समोरच्या माणसाला एकाच सुरात ओरडते, त्याची जबाबदारी कोणाची? ठोक्यांच्या कोशात माणसांचा संदेश वेगळा होता. नव्या यंत्रातही गाडीसाठी एक सूर आणि माणसासाठी दुसराच, न चुकणारा सूर हवा. ही मागणी किरकोळ वाटते. अपघाताच्या क्षणी ती किरकोळ नसते.

कामगारांच्या मनात याविषयी आणखी एक शंका असते, आणि ती रास्त आहे. अंगावरचे उपकरण जीव वाचवण्यासाठी दिले आहे की कोण किती वेळ बसला हे मोजण्यासाठी? जागा कळली की दोन्ही करता येते. कंत्राटी कामगारांचा प्रश्न तर याहून बिकट. काल नव्याने आलेल्या आणि उद्या दुसरीकडे जाणाऱ्या माणसाला ते उपकरण मिळेल की ते फक्त कायम कामगारांच्या नावावर राहील? उपकरण नसलेला एकच माणूस खाली असेल तर यंत्रणा त्याच्यापुरती आंधळी असते, आणि इतरांना तिच्यावर आलेला भरवसा त्याच्या जिवावर उठतो.

याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. प्रत्येक भूमिगत खाणीच्या तोंडाशी दिव्यांची खोली असते. कामगार तिला लॅम्प केबिन म्हणतात. पाळीला आलेला प्रत्येक जण आपला बिल्ला देतो आणि त्या क्रमांकाचा चार्ज झालेला दिवा घेतो. वर आल्यावर दिवा परत, बिल्ला परत. कायम असो वा कंत्राटी, अधिकारी असो वा पाहुणा, दिव्याशिवाय कोणी खाली जात नाही. कारण नियमापेक्षा मोठा काळोख तिथे उभा असतो. इशाऱ्याचे उपकरण ज्याला द्यायचे तो माणूस शोधण्याची गरज नाही. ते दिव्यातच बसवले तर खाली जाणारा प्रत्येक जण आपोआप त्या संभाषणात सामील होतो. दिव्याची बॅटरी त्यालाही पुरते, आणि दिवा मंदावला तर माणूस स्वतःच तक्रार करतो. वेगळ्या दिलेल्या उपकरणाची बॅटरी संपल्याचे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गाडीने गाडीशी काय बोलावे हे ठरवणाऱ्यांनी आपले काम या खोलीपासून सुरू केले असते, तर पायी चालणाऱ्याचा विचार शेवटी करण्याची वेळ आली नसती.

पाळी सुटते. एकामागून एक दिवे परत येतात, आपापल्या जागी टांगले जाऊन चार्ज होऊ लागतात. केबिनमधला माणूस रांगेवरून नजर फिरवतो. एखादी खुंटी रिकामी दिसली की तो वहीतला क्रमांक पाहतो, नाव वाचतो, आणि खाली फोन लावतो.